व्रतस्थ जीवन आणि कृतज्ञतेचा हिशेब

2 फेब्रुवारी हा दिवस कॅथलिक ख्रिस्तसभेत व्रतस्थांचा दिवस म्हणून पाळला जातो. पोप जॉन पॉल दुसरे यांनी 1997 पासून ही प्रथा सुरू केली. ठाण्यातल्या आणि नवी मुंबईतल्या चर्चमध्ये त्या सुमारास धर्मभगिनींना आणि व्रतस्थ बांधवांना वेदीपुढे बोलावतात, फुले देतात, त्यांच्या त्यागाबद्दल चार शब्द बोलतात आणि मिस्सा (चर्चमधली सामूहिक उपासना) संपल्यावर लोक आवर्जून थांबून भेटतात. या प्रेमात खोटे काही नसते आणि मी ते नेहमीच आदराने स्वीकारत आले आहे. तरीही एक व्रतस्थ म्हणून मला वाटत राहते की, हे आभार एकाच दिशेने वाहतात. लोक आमचे आभार मानतात. आम्ही कोणाचे आणि नेमके कशाबद्दल आभार मानतो, हे मात्र कोणी विचारत नाही आणि आम्हीही स्वतःला क्वचितच विचारतो. व्रतस्थ जीवनाच्या आजच्या संकटाची चर्चा बहुतेक वेळा संख्येभोवती फिरते. माझ्या मते त्याहून खोल संकट कृतज्ञतेचे आहे: मिळालेल्या पाचारणाबद्दलची, म्हणजे या जीवनासाठी देवाने दिलेल्या हाकेबद्दलची, आणि ज्या माणसांच्या सोबतीने ते जगायचे त्या संघाबद्दलची कृतज्ञता आटत चालली आहे. ती परत मिळवण्यासाठी मनाला उमाळे आणून उपयोग नाही. कोणाकडून काय मिळाले आणि कोणाचे काय देणे राहिले, याचा खरा हिशेब मांडला तरच ती परत येईल.

ख्रिस्ती नसलेल्या वाचकांसाठी थोडे स्पष्ट केले पाहिजे. धर्मग्रामाचा, म्हणजे एका चर्चभोवतीच्या वस्तीचा, कारभार पाहणारे बहुतेक फादर थेट बिशपांच्या अधिकाराखाली काम करतात. व्रतस्थ स्त्री-पुरुष मात्र दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन ही तीन व्रते घेऊन एखाद्या संघात राहतात. संघाचे घर एकच, जेवण एकत्र, पैसा एकत्र आणि प्रार्थनेच्या वेळा ठरलेल्या. त्या घरात कोण असावे हे आम्ही निवडत नाही. वसईच्या बागायतीत वाढलेली, केरळहून आलेली, मंगळूरची, झारखंडच्या आदिवासी गावातली अशा चारजणी वरिष्ठांनी दिलेल्या बदलीच्या पत्रामुळे एका छताखाली येतात आणि पुढची काही वर्षे एकमेकींच्या आजारपणाच्या, चिडचिडीच्या आणि प्रार्थनेच्या साक्षीदार होतात. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते की, या बाईने घर सोडले म्हणजे ती एकटी झाली. प्रत्यक्षात तिने एकटे राहण्याचा हक्कही सोडलेला असतो.

महाराष्ट्राच्या धर्मजीवनात हे चटकन समजत नाही, याला कारण आहे. इथली सर्वांत मोठी भक्तिपरंपरा वारकऱ्यांची, आणि ती प्रपंचात राहून परमार्थ साधणाऱ्यांची आहे. तरी समूहाने व्रतस्थ राहण्याची कल्पना आपल्याला अगदीच परकी नाही. विनोबांनी 1959 मध्ये पवनारला ब्रह्मविद्या मंदिर स्थापन केले ते स्त्रियांच्या सामूहिक साधनेसाठी, आणि तिथले निर्णय सर्वांच्या संमतीने घ्यायचे असा दंडक घातला. साधना एकट्याने करायची गोष्ट आहे, हा समज त्यांनी तिथे जाणीवपूर्वक बाजूला ठेवला. ख्रिस्ती व्रतस्थ जीवनाचा गाभाही हाच आहे, आणि माझ्या मते गेल्या काही दशकांत आम्ही त्यालाच सर्वांत कमी जपले आहे.

आता आकड्यांकडे. 1970 च्या सुमारास जगभरात सुमारे 10 लाख धर्मभगिनी होत्या. आज ही संख्या 6 लाखांच्या खाली आली आहे. भारतात घसरण इतकी तीव्र नाही, पण ठाणे, वसई, उत्तन या पट्ट्यातल्या कुटुंबांतून पूर्वीसारख्या मुली येत नाहीत, हे प्रत्येक संघाला ठाऊक आहे. यावर हळहळणारे पुष्कळ आहेत. मी त्यांच्यात नाही. एके काळी शिक्षिका किंवा परिचारिका होऊन घराबाहेर मोठे काम करण्याची वाट पुष्कळ मुलींना कॉन्व्हेंटच्या दारातूनच दिसत होती. आज ती वाट इतर अनेक दारांतून जाते, त्यामुळे जी मुलगी आज व्रत घेते ती अधिक मोकळेपणाने घेते. मला चिंता आहे ती आत असलेल्यांची. शाळेचे प्रवेश, शिक्षण खात्याची तपासणी, इमारतीची दुरुस्ती, बसचे कंत्राट, ऑडिट, दहावीचा निकाल या साऱ्यात दिवस संपतो आणि रात्री चॅपलमध्ये बसलेल्या बाईला आपण मुख्याध्यापिका आहोत हे पक्के आठवते, पण आपल्याला कोणीतरी बोलावले होते हे आठवायला कष्ट पडतात. काम हे पाचारणाचे फळ असायला हवे होते. पुष्कळ ठिकाणी ते पाचारणाच्या जागीच येऊन बसले आहे. मग निवृत्तीच्या दिवशी काम सुटते आणि त्याबरोबर आयुष्याचे कारणच सुटल्यासारखे होते. निवृत्त भगिनींच्या घरांत मी हे दुःख जवळून पाहिले आहे.

लूकच्या शुभवर्तमानात दहा कुष्ठरोग्यांची गोष्ट आहे. येशू त्यांना सांगतो की, जा आणि स्वतःला याजकांना दाखवा. वाटेत ते बरे होतात. त्यांच्यातला एकच, तोही परका समजला जाणारा शमरोनी, मागे फिरून आभार मानतो. प्रवचनांत उरलेल्या नऊजणांना कृतघ्न ठरवून विषय संपवला जातो. मला मात्र या गोष्टीत वेगळेच काही बोचते. ते नऊजण सांगितले तेच करत होते. याजकांकडे जाण्याची आज्ञा त्यांना खुद्द येशूने दिली होती आणि ते ती बिनचूक पाळत होते. नियम पाळणारा माणूसही कृतज्ञतेला पारखा राहू शकतो, हे व्रतस्थांना उद्देशून सांगायला याहून नेमके उदाहरण नाही. प्रार्थनेची एकही वेळ न चुकवणारी, बदलीला कधी नाही न म्हणणारी आणि तरीही आतून कोरडी होत गेलेली भगिनी प्रत्येक संघात आढळते. तिला दोष देण्यात अर्थ नाही. तिला आज्ञा पुष्कळांनी दिल्या, पण थांबून मागे वळायला वेळ कोणी दिला नाही.

मागे वळायचे ते कोणाकडे? देवाकडे, हे उत्तर बरोबर आहे, पण ते लवकर दिले की माणसे त्यातून सुटून जातात. ठाण्याच्याच इतिहासातले एक उदाहरण इथे आठवते, जे आपल्या शहरात फार थोड्यांना माहीत आहे. 1321 मध्ये फ्रान्सिस्कन या संघाचे चार व्रतस्थ ठाण्यात मारले गेले: टोलेंटिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिफ्लिसचा डिमिट्रियस. इथल्या एका नेस्टोरियन (पूर्वेकडच्या एका जुन्या पंथाच्या) ख्रिस्ती कुटुंबाने त्यांना आसरा दिला होता. त्यांच्याबरोबर आलेला जॉर्डन नावाचा, डॉमिनिकन या दुसऱ्या संघाचा व्रतस्थ त्या वेळी प्रवासात होता. बातमी कळल्यावर त्याने त्यांचे अवशेष सोपाऱ्याला नेऊन पुरले. पुढे काही वर्षांनी ओडोरिक नावाच्या फ्रान्सिस्कन प्रवाशाने ते चीनपर्यंत नेले. चर्चच्या स्मृतीत चार हुतात्मे राहिले, आणि ते योग्यच आहे. मला मात्र मागे उरलेला पाचवा अधिक विचार करायला लावतो. जॉर्डनने इराणमधल्या फ्रान्सिस्कन आणि डॉमिनिकन बांधवांना पत्र लिहिले, नंतर 1324 च्या सुमारास खुद्द ठाण्यातून आणखी एक पत्र लिहिले. त्यांत त्याने आपले एकटेपण, आजार आणि हाल सांगून सोबती पाठवण्याची विनवणी केली आहे. त्याची श्रद्धा डळमळली नव्हती. तरीही त्याला बांधव हवे होते, आणि ते आपल्याच संघाचे असावेत असा त्याचा आग्रह नव्हता. ज्यांना त्याने हाताने पुरले ते तर दुसऱ्याच संघाचे होते. पाचारण एकट्याला येते, पण एकट्याने निभत नाही, हे या खाडीकाठच्या शहरात सातशे वर्षांपूर्वी एका माणसाने लिहून ठेवले आहे.

संघाबद्दलची कृतज्ञता म्हणजे नेमके काय, हे सेंट पॉलने सुरुवातीच्या ख्रिस्ती मंडळ्यांना लिहिलेल्या पत्रांतून चांगले कळते. करिंथच्या मंडळीत तट पडले होते, एकमेकांना कोर्टात खेचले जात होते, एकत्र भोजनात श्रीमंत खाऊन तृप्त होत आणि गरीब उपाशी राहत. पॉल त्यांना पहिले पत्र लिहितो तेव्हा सुरुवातीलाच त्यांच्याबद्दल देवाचे आभार मानतो आणि लगेच, काही ओळींच्या आत, त्यांच्या फुटीवर बोट ठेवतो. हे आभार पुढच्या कानउघाडणीची गोड प्रस्तावना आहे, असे मला वाटत नाही. ही माणसे देवाने दिलेली आहेत असे तो मानतो, म्हणूनच त्यांच्यावर इतका रागावू शकतो. गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात असे आभार नाहीत, म्हणजे पॉलपाशी ही नुसती लिहिण्याची सवय नव्हती. मला हा क्रम फार मोलाचा वाटतो. आमच्या घरांत याच्या उलट घडते: समोर आभार नाहीत आणि स्पष्ट बोलणेही नाही; मागे कुरकुर मात्र असते. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने मठवासीयांसाठी नियमावली लिहिली तेव्हा त्याने कुरकुरीविरुद्ध पुन्हा पुन्हा इशारा दिला. त्याच नियमावलीत तो सांगतो की, महत्त्वाच्या प्रश्नावर सर्वांना बोलवावे, कारण पुष्कळदा देव लहानातल्या लहानाला अधिक चांगले सुचवतो. या दोन गोष्टी एकत्र वाचल्या पाहिजेत. जिथे बोलायला जागा नसते तिथे कुरकुर वाढते. मग वरिष्ठ त्या कुरकुरीला कृतघ्नता म्हणतात आणि बोलायची उरलीसुरली जागाही जाते.

बौद्ध संघाने यावर काढलेला मार्ग मला अनुकरणीय वाटतो. वर्षावास, म्हणजे पावसाळ्यातला एका जागचा मुक्काम, संपताना भिक्षू पवारणा करतात. प्रत्येकजण संघाला विनंती करतो की, माझ्यात पाहिलेला, ऐकलेला किंवा शंका आलेला दोष करुणेने मला सांगावा. ठाणे-नवी मुंबईच्या बौद्ध वस्त्यांत वर्षावासाची प्रवचने दरवर्षी होतात. त्या परंपरेच्या मुळाशी असलेला हा विधी आम्ही शेजाऱ्यांनी समजून घ्यायला हवा. दोष सांगण्याची विनंती तोच करू शकतो, ज्याला सोबत्यांच्या सदिच्छेवर विश्वास आहे. तो विश्वास हाच कृतज्ञतेचा पाया आहे.

आता मुख्य आक्षेपाकडे येते, कारण तो खरा आहे. कृतज्ञतेची भाषा सत्तेच्या हाती पडली की ती गप्प बसवण्याचे साधन होते. ‘संघाने तुला शिकवले, वाढवले, आणि तू प्रश्न विचारतेस?’ हे वाक्य किती तरुण भगिनींनी ऐकले असेल! मार्च 2018 मध्ये व्हॅटिकनच्या वृत्तपत्राच्या स्त्रियांसाठीच्या मासिक पुरवणीने धर्मगुरूंच्या घरी स्वयंपाकपाणी करणाऱ्या, फुकट किंवा नाममात्र मोबदल्यावर राबणाऱ्या भगिनींचा प्रश्न उघडपणे मांडला, तेव्हा तो जगभर गाजला. आमच्याकडे त्यावर पुरेशी चर्चा झाली नाही. मराठी समाजाला वसईचे दिवंगत फादर फ्रान्सिस दिब्रिटो परिचित आहेत. 2020 च्या जानेवारीत उस्मानाबादच्या 93 व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते आणि त्यांच्या लेखणीचा व पर्यावरणाच्या लढ्याचा गौरव योग्यच होता. त्याच पट्ट्यात दवाखाने, शाळा आणि अनाथालये चालवून गेलेल्या भगिनींपैकी एकीचे तरी नाव वाचकाला सांगता येईल का? याला केवळ लोकांचे विस्मरण म्हणता येणार नाही. आम्हीच त्यांच्या नोंदी नीट ठेवल्या नाहीत, त्यांना बोलते केले नाही. त्यांच्या नम्रतेची स्तुती केली आणि त्या नम्रतेच्या आड त्यांचे कष्ट विसरलो.

अलीकडच्या एका न्यायालयीन निकालामुळे हा प्रश्न अधिक स्पष्ट झाला आहे. अनुदानित शाळांत शिकवणाऱ्या भगिनींचा आणि फादरांचा पगार थेट संघाकडे किंवा धर्मप्रांताकडे (बिशपांच्या अधिकारातल्या प्रदेशाच्या कारभाराकडे) जातो, कारण कॅनन लॉप्रमाणे, म्हणजे चर्चच्या कायद्याप्रमाणे, व्रतस्थाने कष्टाने मिळवलेले सारे संघाचे होते. त्यामुळे या पगारावर आयकराची कपात करू नये, असा युक्तिवाद होता. 7 नोव्हेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो नाकारला: पगार त्या व्यक्तीला मिळतो, तिने पुढे तो कोणाला दिला यामुळे कर टळत नाही. आमच्यापैकी अनेकांना हा निकाल अन्यायाचा वाटला. माझे मत वेगळे आहे. कराचा बोजा गरीब संघांवर पडेल हे मान्य करूनही मला वाटते की, या निकालाने एक सत्य अनाहूतपणे समोर आणले. पगार आधी तिचा आहे, आणि दर महिन्याला ती तो देऊन टाकते. आजवर हे देणे दिसतच नव्हते. पैसा जणू आपोआप संघाचा होत होता. जे कधी माझे नव्हतेच ते मी दान कसे करणार? दारिद्र्याचे व्रत हे दान आहे असे आपण म्हणत असू, तर ते दान म्हणून मोजले गेले पाहिजे आणि संघाने ते कृतज्ञतेने स्वीकारले पाहिजे. दरमहा येणाऱ्या त्या रकमेबद्दल आपल्या भगिनींना धन्यवाद दिल्याचे मी फार थोड्या घरांत पाहिले आहे. उलट औषधाच्या किंवा प्रवासाच्या पैशांसाठी वरिष्ठांकडे जाताना संकोचणाऱ्या भगिनी मात्र पुष्कळ पाहिल्या आहेत. त्याच कॅनन लॉमध्ये असेही कलम आहे की, सभासदांना पाचारण पूर्ण करण्यासाठी जे जे आवश्यक ते संघाने पुरवले पाहिजे. पहिले कलम सर्वांना पाठ असते. दुसरे वाचून दाखवावे लागते.

तेव्हा कृतज्ञता आणि न्याय यांत निवड करायची नाही. ज्या घरात देणे-घेणे स्वच्छ दिसते त्या घरात आभार मनापासून येतात. जिथे ते लपवलेले असते तिथे आभार मागून घ्यावे लागतात, आणि मागून घेतलेले आभार कडवट असतात. जेज्विट संघाचे संस्थापक संत इग्नेशियसने रोजच्या आत्मपरीक्षणाची पहिली पायरी ठरवली ती देवाकडून मिळालेल्या देण्यांबद्दल आभार मानण्याची. पापांची आठवण त्यानंतर. 1542 च्या एका पत्रात तर त्याने कृतघ्नतेला सर्व पापांचे मूळ म्हटले आहे. हा क्रम संघाच्या बैठकीलाही लावता येईल. आमच्या बैठका हिशेब, दुरुस्त्या आणि सणाच्या तयारीवर संपतात. त्या बैठकीत आधी प्रत्येकीने या महिन्यात घरातल्या कोणाकडून काय मिळाले हे नाव घेऊन सांगावे, मग काय खटकले तेही नाव घेऊन, समोर सांगावे. ‘सर्वांचे आभार’ हे वाक्य बैठकीतून हद्दपार व्हावे, कारण त्यात कोणाचीच ओळख नसते. हे अवघड आहे, विशेषतः जिथे भाषा, प्रांत आणि दुर्दैवाने जातही माणसांच्या मध्ये येते. आदिवासी भगिनीला स्वयंपाकघर आणि शहरी भगिनीला कार्यालय अशी वाटणी कुठे असेल, तर नाव घेऊन मानलेले आभार ती वाटणी आपोआप उघडी पाडतील. ते व्हायलाच हवे.

पोप फ्रान्सिस यांनी 30 नोव्हेंबर 2014 ते 2 फेब्रुवारी 2016 हे व्रतस्थ जीवनाचे वर्ष जाहीर केले, तेव्हा भूतकाळाकडे कृतज्ञतेने पाहणे हे त्याचे पहिले उद्दिष्ट ठेवले. त्याआधी 1965 मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने) संघांना आपल्या संस्थापकांच्या मूळ प्रेरणेकडे परत जायला सांगितले होते. आम्ही परत गेलो, पण बहुतेक वेळा संस्थापिकेच्या पुतळ्यापर्यंतच. भूतकाळ म्हणजे फक्त संस्थापक नव्हेत. सिडकोने 1970 नंतर खाडीपलीकडे नवे शहर वसवायला घेतले तेव्हा चिखलातून पायी जाऊन पहिले वर्ग भरवणाऱ्या, वाहत्या पाण्याविना राहिलेल्या शिक्षकांत आणि सेविकांत अनेक संघांच्या स्त्रिया होत्या. त्यांतल्या काही अजून निवृत्तीच्या घरांत हयात आहेत. त्यांच्या आठवणी त्यांच्याच भाषेत, शक्यतो मराठीतही, लिहून काढणे हे पुढच्या रिट्रीटच्या (एकांतातल्या साधनेच्या) प्रवचनापेक्षा अधिक निकडीचे काम आहे.

या हिशेबात आणखी एक रकाना आहे, जो आम्ही कोरा ठेवतो: संघ सोडून गेलेल्यांचा. व्रत घेऊन दहा-वीस वर्षे काम करून काही भगिनी बाहेर पडतात. कॅनन लॉ सांगतो की, त्यांना केलेल्या कामाबद्दल संघाकडून काही मागता येत नाही. पण त्याच कलमात पुढे असेही आहे की, संघाने त्यांच्याशी न्यायबुद्धीने आणि शुभवर्तमानाला शोभेल अशा प्रेमाने वागावे. ठाण्यासारख्या शहरात मध्यमवयात, बचत नसताना, भाड्याची खोली शोधत फिरणाऱ्या बाईसाठी त्या पुढच्या अर्ध्या वाक्याचा अर्थ फार मोठा आहे. अनेक संघ तो अर्थ एकरकमी तुटपुंज्या मदतीत गुंडाळतात आणि घराच्या रोजनिशीत तिच्या नावापुढे तारखेशिवाय काही लिहीत नाहीत. काहीजण म्हणतील की, सोडून गेलेल्यांचा सन्मान केला तर आत असलेल्यांचा निश्चय ढळेल. माझा अनुभव याच्या उलट आहे. जी तरुण भगिनी पाहते की, आपल्या संघाने बाहेर पडलेल्या बाईची बारा वर्षांची शिकवणी विसरली नाही, तिला निवाऱ्याची व्यवस्था होईपर्यंत आधार दिला आणि रौप्यमहोत्सवाला नावाने बोलावले, तिचा या संघावरचा विश्वास वाढतो. भीतीमुळे थांबलेली आणि कृतज्ञतेने थांबलेली यांत फरक पडतो तो इथेच, आणि प्रत्येक संघाच्या सर्वसाधारण सभेला हा फरक आपल्या नियमांत, पैशाच्या तरतुदीसह, लिहून ठेवता येण्यासारखा आहे.